भुजंगराव उतरत नाहीत

हॅलो?… हां, हेळी, सांगा… कोण?… ट्रॅक्टर? याव, कुठला ट्रॅक्टर अम्मा?… निधान, निधान, सावकाश बोला. तुमचं कन्नड मला…

थांबा जरा. आता तुम्ही ‘अरे देवा’ म्हणालात ना? हळूच म्हणालात, पण ऐकू आलं… मराठी तुम्ही? मग मराठीत बोला की. आम्ही पण मराठीच… नाही हो, पुण्याचे नव्हे, इथलेच. लष्कर मोहल्ल्यातले. पाच पिढ्या झाल्या. घरातले सगळे शिंपी, मी एकटाच लोखंडाकडं गेलो… हो, निवृत्ती मीच. मेकॅनिक निवृत्ती. होतो म्हणा. दुकान बंद करून चार वर्षं झाली.

नंबर कुठं मिळाला?… मडगार्डवर? अजून आहे तो? पिवळ्या रंगात?… मीच लिहिला होता. हात हलला होता माझा, सातचा आकडा वाकडा आलाय बघा… आलाय ना. सरी, बरं.

लाल ट्रॅक्टर. पुढं दोन गोल दिवे, एकाला काच नाही… ओळखला. हुणसूर रस्त्याला, आत, फणसाच्या झाडाखाली असायचा… अजून तिथंच? पण तो मास्तरांचा होता… अच्छा, जमीन तुम्ही घेतलीत. अर्धा एकर. आणि ट्रॅक्टर त्यांनी तसाच सोडला. बरं, तुमचं नाव?… कांचन. कांचनताई. राहायला कुठं?… विजयनगर.

माझा आवाज?… दाबल्यासारखा येतोय, बरोबर आहे. मी पालथा पडलोय ताई. नाही, पडलो म्हणजे पडलो नाही, झोपवलंय. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आतला पडदा सुटला होता. आत हवेचा बुडबुडा भरलाय, तो पडद्याला दाबून धरतो म्हणे. म्हणून सात दिवस तोंड खाली. आज पाचवा. दोन बाकं जोडलीत, मध्ये फट ठेवलीय, त्या फटीत माझं तोंड. फोन खाली स्टुलावर… अहो त्रास कसला. पाच दिवस फरशी बघतोय. बोला तुम्ही.

क्लच?… सुटत नाही… थांबा, थांबा, रडू नका. कोण बसलंय?

वडील.

सकाळी साडेनऊपासून? आता वाजले किती, मला इथं कळत नाही… पावणेदोन. बाप रे. आणि खाली उतरत नाहीत… पाय क्लचवर दाबून बसलेत… काय म्हणतात ते?… ‘क्लच सुटत नाही, सुटल्याशिवाय उतरायचं नाही.’ अच्छा… पाणी पितायत?… तेवढं बरं. वय काय?… एक्क्याऐंशी.

हो… हो… विसरायला होतं त्यांना. समजलं… तुम्हाला आक्का म्हणतात, स्वतःची बहीण समजून. बरं… नाही, समजलं ताई, सगळं सांगायला नको. आमच्या गल्लीत पण होते एक.

पूर्वी ट्रॅक्टर चालवायचे?… सोसायटीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. सातारा जिल्ह्यात. तीस वर्षं… म्हणजे आमच्यातलेच की. आणि तुम्ही त्यांना इथं आणलंत दोन वर्षांपूर्वी, तेव्हापासून घरात गप्प… आणि आज पहिल्यांदा जमीन दाखवायला आणलंत, आणि ते ट्रॅक्टर बघून सरळ चढले. कोणी हात न देता… म्हणजे पाय विसरले नाहीत.

ओढून उतरवू नका. मिस्टरांना बोलावलं असेल तर त्यांना पण सांगा, ओढायचं नाही… बेंगळूरला आहेत? मग तुम्ही आणि वडील, दोघंच. सरी. ऊन आलंय का त्यांच्यावर?… छत्री धरलीय तुम्ही. फोन, छत्री, सगळं एकटीनंच. बरं, ऐका ना ताई. इंजिन चालतं का?

गेल्या रविवारी चालू केलं होतं… कोणी, गगननं? तो वर्कशॉपवाला? शिकलाय माझ्याकडंच. बॅटरी नवी घातली… आणि क्लच दाबला तरी गिअर पडत नाही, खरखर करतो. म्हणून म्हणाला ट्रॅक्टर मधून खोलावा लागेल. दोन तुकडे करायचे. हं… चुकीचं नाही सांगितलं त्यानं. पण त्याच्या आधी एक करून बघता येतं.

काय झालंय सांगतो. आत एक ताटली असते, ती इंजिनच्या चाकाला चिकटून फिरते. क्लच दाबला की सुटायला पाहिजे. गाडी वर्षानुवर्षं एका जागी उभी राहिली, ओल लागली, गंज चढला, की ताटली चाकाला धरून बसते. तुटलेलं काही नसतं. नुसतं धरून बसलेलं असतं… हो. झटका द्यायचा, सुटते. दहातल्या सहा वेळा सुटते… चार वेळा नाही सुटत. खोटं कशाला सांगू.

पण आधी क्लचची दांडी ठीक आहे का बघायला पाहिजे. पेडल वर येऊ द्यायला पाहिजे आणि… पाय काढत नाहीत, अल्वा, नाही का? मग त्यांच्याशीच बोलतो. फोन मोठ्यानं लावा, मडगार्डवर ठेवा. नाव काय त्यांचं?

नमस्कार, भुजंगराव. निवृत्ती बोलतोय. मेकॅनिक… ऐकू येतंय?… हो, मेकॅनिक. तुमच्या या गाडीचं काम मीच करायचो… क्लच सुटत नाही ना? सांगितलं मला… तुम्ही ड्रायव्हर, तुमच्या पायाला जे कळतं ते मला इथं पडून कळणार नाही. एक सांगाल? पेडल सुरुवातीला हलकं जातं, की एकदम जड?… एक बोट हलकं, मग जड. मग खाली टेकेपर्यंत सारखं जड?… मध्ये कुठं ढिलं पडत नाही?… एकदा सोडून परत दाबून बघता? बघा. मी थांबतो.

…

किरकिरलं, ऐकलं मी. पुढची पिन कोरडी आहे, बाकी दांडी ठीक आहे… बरोबर बोललात. प्लेट चिकटलीय. अहो, मी पण तेच म्हणणार होतो… हो, संध्याकाळच्या आत नांगरून व्हायला पाहिजे, समजलं. पण नांगराचं नंतर बघू. आधी गाडी. गाडी नीट नसली तर ड्रायव्हर काय करणार… हां. मग तुम्ही पेडल खालपर्यंत दाबून धरा. तुमची मुलगी बाकीचं करेल… मुलगी. कांचन… बरं, आक्का. आक्का करतील.

कांचनताई, ऐकताय? चार मोठे दगड आणा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून एक-एक. चांगले वीट-दीड विटेएवढे पाहिजेत… विहिरीजवळ आहेत? आणा सावकाश. घाई नाही. मी बोलतो यांच्याशी.

भुजंगराव… आहात ना?… मी पण आहे.

काय ऐकू येतंय हे मागं, सातभाई?… आमच्या इथं चार घरांच्या मध्ये एक पेरूचं झाड आहे, त्यावर पण येतात. मला दिसत नाहीत आता, नुसता कलकलाट… नाही, पाय हलवू नका. दमला तर सांगा… नाही दमला. बरं.

मला इथं दिवसा पण झोप लागते, मग रात्री नाही. काल दुपारी डोळा लागला तर दुकान दिसलं. सगळं पाण्याखाली. पाने, नट, बेअरिंगा, सगळं तरंगत होतं, हळूहळू, आणि भिजत काहीच नव्हतं. आणि हा ट्रॅक्टर पण होता. लाल. दिवे चालू होते, दोन्ही. पाण्यातून पिवळा उजेड असा लांबपर्यंत गेलेला. मी मागं-मागं चालतोय… कुणी चालवत होतं का? माहीत नाही. सीटवर बघायचं राहिलं. तुम्हीच असाल… हसलात? बरं केलंत.

हा ट्रॅक्टर पहिल्यांदा बघितला तेव्हा मी एकवीसचा. मास्तर सकाळी घेऊन आले होते दुकानात, धुकं होतं, नाचणीची काडं चाकांना चिकटलेली. इंजिन बंद केलं तरी बराच वेळ त्यातून वाफ निघत होती. मी हात ठेवला बॉनेटवर. ऊब होती. हात काढावासाच वाटला नाही… तुमचा पहिला कुठला?… निळा. सन पासष्ट… पूजा केली होती, नारळ चेअरमननी फोडला आणि पहिली फेरी तुम्ही मारलीत. गाव सगळं मागून चालत. कुणी बोलत नव्हतं… का बोलत नव्हतं?… हां. आवाज ऐकत होते.

हो…

हो, ऐकतोय मी.

सहना?… हां, सहना, बा, बा, ये. थेंबांची वेळ झाली?… एक मिनिट, भुजंगराव. सूनबाई आलीय डोळ्यात औषध घालायला. फोन चालूच आहे, तुम्ही पेडल सोडू नका… घाल बाळ… नाही, फार बोलत नाहीये. काम आलंय… खरंच काम, कुणाची गाडी अडलीय… हो, मान हलवत नाही. तोंडच हलवतोय… आयतु? झालं? जा तू, मशीनवर ब्लाऊज तसाच सोडून आलीस.

हॅलो, आलो परत. ताई, दगड लागले?… चारही? दम लागलाय तुम्हाला, पाणी प्या आधी.

आता ब्रेक. उजव्या बाजूला दोन पेडल आहेत. दोन्ही एकदम दाबायची आणि बाजूला एक लोखंडी खिटी आहे ती वर ओढून अडकवायची… सापडली?… त्यांनीच अडकवली? बघा. त्यांना सांगायला लागत नाही.

पुढचं नीट ऐका. स्टिअरिंगच्या खाली एक काळी मूठ आहे, तार लागलेली. ती बाहेर ओढा… पूर्ण बाहेर. ती बाहेर असली की डिझेल बंद. म्हणजे स्टार्टर कितीही मारला तरी इंजिन चालू होत नाही. परत बघा, बाहेर आहे ना?… नक्की?… सरी.

आता भुजंगराव, टॉप गिअर टाका. इंजिन बंद आहे, पडेल… पडला. ऐकलं.

काय होणार सांगतो ताई, घाबरू नका. चाकं दगडांनी आणि ब्रेकनं धरलीत, गिअर पडलाय, आणि स्टार्टर इंजिनला फिरवायला बघणार. मधल्या मध्ये सगळा जोर त्या चिकटलेल्या प्लेटवर. किल्ली अर्धा सेकंद फिरवायची, सोडायची. धरून ठेवायची नाही. समोर कुणी उभं नाही ना?… कुत्रं आहे? हाकला त्याला.

फिरवा.

…

हं. कण्हला नुसता. असंच होतं पहिल्यांदा. परत.

…

परत कण्हला. गाडी हलली का?… बोटभर पुढं गेली, दगडाला टेकली. म्हणजे जोर पोचतोय… वास? कसला, जळका?… थांबा मग. पाच मिनिटं थांबा. स्टार्टर गरम झाला असेल, निवू दे.

नाही ताई, अजून काही बिघडलं नाही… काय म्हणतात?… ‘तुला जमत नाही आक्का.’ त्यांना रागवू नका. तसं नाही म्हणत मी, तुमचा आवाज चढला म्हणून… हो. साडेनऊपासून तुम्ही पण जेवला नाहीत… हो ना.

बोला. ऐकतोय.

…

रोज?… रोज विचारतात, ‘माझं काम काय?’ आणि तुम्ही सांगता, बाबा तुम्ही आराम करा… हं… नाही, तुमचं काही चुकलं नाही. कुणीही हेच सांगितलं असतं. मला पण हेच सांगतात सगळे, दुकान बंद केल्यापासून. चांगल्या मनानं सांगतात.

…

भुजंगराव, पायाला मुंग्या आल्या का?… आल्या. सोडायचा का पाय, जरा?… नको. बरं. मग एक करा. आता आक्का किल्ली फिरवतील, त्याच वेळी तुम्ही पेडल सोडायचं आणि झटक्यानं परत दाबायचं. अर्धं सोडून दाबायचं. तुम्हाला माहीत असेल… केलंय ना पूर्वी? कुठं?… ओढ्यात अडकला होता, पावसाळाभर उभा होता. मग तुम्हीच सांगा यांना, कधी फिरवायची. मी गप्प बसतो. तुम्ही सांगाल तेव्हा.

…

…

थांबा. काही करू नका कुणी. तो आवाज काय होता? टक् झालं ना? आणि मग स्टार्टर मोकळा फिरला, कुर्र करून, हलका?… ताई, ऐकलं का तुम्ही?… परत एकदा, नुसतं अर्धा सेकंद. पेडल खाली, गिअर आहे तसाच.

…

मोकळा. गाडी हलली?… नाही हलली. गिअरमध्ये आहे, इंजिन फिरतंय आणि गाडी उभी आहे… अहो सुटला. सुटला म्हणजे सुटला. धरून बसलेलं सुटलं.

भुजंगराव… हो. तुम्हीच सोडवलात. मी कुठं, मी तर फरशी बघतोय.

…

ताई? काय म्हणतात ते?… चालू करा म्हणतात. हं… थांबा, मला विचार करू दे जरा.

दगड तसेच आहेत. ब्रेक अडकवलेला आहे. गिअर काढायला सांगा आधी. न्यूट्रल. दांडी डावी-उजवी ढिली हलली पाहिजे… हलते? तुम्ही स्वतः हलवून बघितलीत?… सरी. आता ती काळी मूठ आत ढकला, आणि तुमचा हात तिच्यावरच ठेवा. गाडी केसभर जरी हलली तरी ओढायची, कुणाला विचारायचं नाही. अगदी माझं पण ऐकायचं नाही… नाही जमत वाटत असेल तर नको. इथंच थांबू, काम झालंय… ठेवलात हात? बरं. भुजंगराव, मारा.

…

…

हं.

हं… फोन जरा जवळ… हो, तिथं.

एक सिलिंडर उशिरा पेटतो, आधीपासूनच तसा आहे. मग धरतो… आता धरला. ऐका.

…

क्लच दाबा भुजंगराव. पूर्ण. एक, दोन, तीन मोजा. आता पहिला.

…

खरखर नाही. काहीच आवाज नाही. पडला?… पडला का ताई?… लोण्यातून गेल्यासारखा. काढा. दुसरा… काढा. ताई, हात मुठीवर आहे ना?

…

सगळे टाकून बघितले?… आणि आता?… न्यूट्रल केला. आणि मूठ त्यांनीच ओढली, तुमच्या हातावर हात ठेवून… बंद झाला. हो, बंद झालेला ऐकला.

चालवायचं नाही म्हणाले?… नाहीच म्हणाले. नांगराचं पण काही नाही… खरं सांगतो, मला तीच भीती होती. ब्रेक मी बघितलेले नाहीत. गगनला सांगा बघायला, त्याच्या आधी एक फूट पण नाही… हळू, उतरू द्या. धरू नका, नुसतं जवळ उभं राहा. डावा पाय बधिर झाला असेल, जमिनीवर टेकला की थोडं थांबायला सांगा…

उतरले.

हं… असू दे ताई. असू दे. पुसा डोळे. मी थांबलोय.

…

कोण?… भुजंगराव. बोला… हो, मीच तो, निवृत्ती… मी का आलो नाही? अहो, मी पालथा झोपलोय. डोळ्याचं काम झालंय… डावा. उजव्यानं आधीपासूनच कमी… परवा. परवा डॉक्टर बघणार, मग कळेल किती दिसतं ते… तसं काही सांगितलं नाही त्यांनी. बघू म्हणाले.

…

काय म्हणालात?

…

हो. घाबरलोय.

कुणाला सांगितलं नाही. घरात सगळे म्हणतात सगळं ठीक होणार, मग मी पण तेच म्हणतो… हो. पाच दिवस झाले. रात्री फरशी पण दिसत नाही, तेव्हा जास्त… हो ना. तुम्हाला पण?… कधी, संध्याकाळी?… घर ओळखीचं वाटत नाही. हं… हो, बरोबर. कुणाला सांगणार.

…

गाडीला डोळे लागत नाहीत म्हणता?… तसं आहे. हात ठेवला की कळतं… हो, आवाजानं पण कळतं. आज कळलं की… तुमचं बरोबर आहे, भुजंगराव. येतो. परवाचं झालं की येतो, आपण दोघं त्याचे ब्रेक उघडू. दिसो न दिसो. तुम्ही पाने द्यायचे… बारा-तेरा, चौदा-पंधरा. हो, आहेत माझ्याकडं, सगळे आहेत.

बरं. जेवा आता. द्या फोन मुलीला.

हां ताई… भाकरी खातायत? इतक्यात? झाडाखाली बसून… काय विचारतात?… कोणाशी बोलत होतो. विसरले पण.

नाही हो. वाईट कशाला वाटेल. सांगा, मेकॅनिक होता. परवानंतर येणार आहे… परत विसरतील, तर परत सांगा. माझं येणं मी विसरणार नाही… पत्ता? मला सांगता? डोळे बांधून सोडलं तरी येईन त्या फणसापर्यंत.

तुम्ही पण दोन घास खा. आणि उद्या विचारतील ना, माझं काम काय… हो. तेच सांगा. पिनेला ग्रीस लावायचं राहिलंय म्हणावं, तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही कुठली पिन.

ठेवू?… नाही, तुम्हीच ठेवा. इथून मला बटण दिसत नाही.

…

आहात अजून?

असू दे मग. सातभाई परत आले वाटतं.